डाँग ते ऑर्स्टेड: कोळसा सोडण्याचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोळसा, तेल आणि वायूवर पोसलेली मोठी ऊर्जा कंपनी अक्षय ऊर्जेकडे वळते तेव्हा प्रत्यक्षात काय काय करावं लागतं? जुने संच बंद करून पवनचक्क्या उभ्या केल्या की झालं का? आणि डेन्मार्कच्या डाँग एनर्जीचं (आजची ऑर्स्टेड) जे उदाहरण सगळीकडे दिलं जातं, त्यातलं आपल्या औष्णिक केंद्रांना काय घेता येईल?

उत्तर त्याच उदाहरणावरून देतो, कारण त्या कंपनीची चढण आणि तिला लागलेली ठेच, दोन्ही उघड्यावर घडली आहेत. आधीच एक सांगून ठेवतो. यातलं तंत्रज्ञान अवघड आहे, पण बिघाड निस्तरता येतात. कंपनी तरते की गाळात जाते ते ठरतं एका प्रकल्पात घातलेलं भांडवल वेळेवर मोकळं होऊन पुढच्या प्रकल्पाला लागतं की नाही, यावर. खालच्या सगळ्या तपशिलात हाच धागा शोधा.

2006 मध्ये डेन्मार्कमधल्या सहा कंपन्या एकत्र आल्या आणि डाँग एनर्जी झाली. डाँग म्हणजे सरकारची तेल आणि नैसर्गिक वायूची कंपनी. तिच्यात एल्सम आणि एनर्जी ई2 या वीजनिर्मिती कंपन्या, नेसा ही वितरण कंपनी आणि कोपनहेगन व फ्रेडरिक्सबर्गचे वीज व्यवसाय मिसळले. त्या वर्षी ही कंपनी 62 लाख टन कोळसा जाळत होती आणि एका युनिटमागे 462 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडत होती. आणखी कोळसा जाळायचाही बेत होता. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डजवळ लुबमिन इथे 1,600 मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र उभारायचं ठरलं होतं. स्थानिक विरोध आणि जर्मन राजकारण यांत ते अडकलं आणि 2009 अखेर कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी तेव्हाचे प्रमुख अँडर्स एल्ड्रूप यांनी उद्दिष्ट जाहीर केलं: वीज आणि उष्णतेत तेव्हा 85 टक्के जीवाश्म आणि 15 टक्के हरित असं प्रमाण होतं, ते 2040 पर्यंत उलटं करायचं. ते 2019 मध्येच उलटं झालं. 21 वर्षं आधी. हे कसं साधलं, ते तीन बाजूंनी बघावं लागतं: समुद्रातला वारा, पैसा आणि जुनी केंद्रं.

समुद्रातल्या वाऱ्याची माहिती विलीन झालेल्या वीज कंपन्यांकडे आधीपासून होती. 1991 मध्ये व्हिन्डेबी इथे जगातला पहिला समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला: 450 किलोवॅटच्या 11 चक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम 5 मेगावॅट. पुढे 2002 मध्ये उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्ह इथे 2 मेगावॅटच्या 80 चक्क्या बसवल्या. तिथे पहिला मोठा धडा मिळाला. खारट, दमट हवेत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर धडाधड बिघडायला लागले आणि 2004 मध्ये 80 च्या 80 चक्क्यांची वरची यंत्रं उतरवून किनाऱ्यावर आणावी लागली. जमिनीवर चालणारी चक्की समुद्रात नेऊन चालत नाही, हे तिथे पैसे मोजून कळलं. जमिनीवर एक सुटा भाग बदलायला क्रेन बोलावली की काम होतं. समुद्रात त्यासाठी पाय टेकून उभं राहणारं जहाज लागतं. ते मिळेपर्यंत आठवडे जातात आणि लाटा उंच असतील तर जहाज नुसतं उभं राहतं, भाडं मात्र चालू असतं.

म्हणून 2009 मध्ये डाँगने दोन निर्णय घेतले, आणि माझ्या मते सगळ्या संक्रमणाचा पाया तिथे घातला गेला. पहिला, सीमेन्सशी 3.6 मेगावॅटच्या 500 चक्क्यांपर्यंतचा एकत्र करार. दुसरा, चक्क्या बसवणाऱ्या ए2सी या जहाज कंपनीची खरेदी. एकच यंत्र, एकाच पद्धतीचा पाया, तीच जहाजं, तीच माणसं. दरवेळी नवा ठेकेदार आणि नवं यंत्र असेल तर प्रत्येक प्रकल्प पहिलाच प्रकल्प ठरतो. शंभरावी चक्की बसवणारी टोळी पहिल्या चक्कीच्या निम्म्या चुका करते. पुढे बाजारात पुरेशी जहाजं आली तेव्हा 2017 मध्ये ए2सी विकूनही टाकली. तुटवडा आहे तोवर ताब्यात ठेवायचं आणि तुटवडा संपला की भांडवल मोकळं करायचं, हा त्यामागचा व्यवहार.

आता पैसा. समुद्रातल्या प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवसाआधी होतो. कोळशाच्या केंद्रात निम्म्याहून जास्त खर्च आयुष्यभराच्या इंधनाचा असतो, तो वीज विकत विकत भरता येतो. वाऱ्यात इंधन फुकट, पण कर्ज आधी. त्यामुळे व्याजदर हेच तुमचं इंधन. गणित करून बघा: 100 रुपयांचं भांडवल 25 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं असेल तर 4 टक्क्यांनी वर्षाला 6 रुपये 40 पैसे लागतात आणि 7 टक्क्यांनी 8 रुपये 58 पैसे. चक्की तीच, वारा तोच आणि वीज एक तृतीयांशाने महाग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे अमेरिकेत तो परत येणार आहे.

एवढं भांडवल एका कंपनीच्या वहीत मावत नाही. उपाय निघाला तो निम्मी मालकी विकण्याचा. 2011 मध्ये 400 मेगावॅटच्या अनहोल्ट प्रकल्पातला अर्धा हिस्सा पेन्शनडॅनमार्क आणि पीकेए या पेन्शन फंडांनी घेतला, तोही प्रकल्प पूर्ण होण्याआधी. इथे रचना नीट समजून घ्या. कंपनी प्रकल्प आखते, परवाने मिळवते, बांधते आणि ठरल्या किमतीत बांधून देण्याची हमी घेते. पेन्शन फंडाला बांधकामाची जोखीम नको असते, त्याला 20-25 वर्षं स्थिर परतावा हवा असतो. त्यामुळे तो अर्ध्या हिश्श्याला चांगली किंमत देतो. कंपनीकडे बांधकामाचा नफा येतो, देखभालीचा दीर्घ करार राहतो आणि निम्मं भांडवल सुटून पुढच्या प्रकल्पाला लागतं. ब्रिटनमधल्या 174 चक्क्यांच्या 1.2 गिगावॅट हॉर्नसी 1 चा अर्धा हिस्सा 2018 मध्ये असाच ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला गेला. तिथे आणखी एक सोय झाली. ब्रिटनच्या नियमाने समुद्रातलं उपकेंद्र आणि किनाऱ्यापर्यंतची केबल उत्पादक बांधतो, पण ती नंतर वेगळ्या पारेषण मालकाला विकावीच लागते. सुरुवातीला ही अडचण वाटते. खरं तर तीही भांडवल परत येण्याची एक वाट आहे.

पण खरेदीदार तयार व्हायला विजेचा दर आधी बांधलेला असावा लागतो. ब्रिटनचा फरकाचा करार तसाच आहे: बाजारभाव ठरल्या दरापेक्षा खाली गेला तर फरक उत्पादकाला मिळतो, वर गेला तर उत्पादक परत करतो, आणि तो दर 15 वर्षं महागाई निर्देशांकाबरोबर वाढतो. हॉर्नसी 1 ला 2012 च्या किमतींनी मेगावॅट तासाला, म्हणजे 1,000 युनिटला, 140 पौंड मिळाले. हॉर्नसी 2 ला 2017 च्या लिलावात त्याच आधारावर 57.50 पौंड. पहिल्या दरात सरकारने नव्या धंद्याला बाळसं धरू दिलं आणि दुसऱ्या दरात स्पर्धेने ते उतरवलं. दोन्ही टप्पे लागतात. पहिल्याच दिवशी सर्वांत कमी दराचा लिलाव लावला असता तर बोली लावायला कोणी उभं राहिलं नसतं.

या सगळ्यात 2012 हे वर्ष जवळजवळ घात करून गेलं. अमेरिकेत शेल वायू आला, तिथला स्वस्त कोळसा युरोपकडे वळला, वायूवरची केंद्रं बसून राहिली आणि तेलाच्या दराशी बांधलेले वायू खरेदीचे जुने करार बाजारभावापेक्षा महाग पडले. कंपनीला त्या वर्षी सुमारे 400 कोटी डॅनिश क्रोनरचा तोटा झाला, पतमानांकन घसरलं. ऑगस्टमध्ये हेन्रिक पौलसेन प्रमुख म्हणून आले. त्यांनी कशात पुढे जायचं हे ठरवण्याआधी काय विकायचं ते ठरवलं. तरीही भांडवल कमी पडलं, म्हणून 2014 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने 800 कोटी क्रोनर घालून कंपनीत हिस्सा घेतला आणि एटीपी व पीएफए या डॅनिश फंडांसह एकूण 1,100 कोटी उभे राहिले. त्यावरून एवढं रान उठलं की सत्ताधारी आघाडीतला एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. 2016 मध्ये समभाग बाजारात आले तेव्हा कंपनीचं मूल्य दोन वर्षांपूर्वीच्या तिप्पट ठरलं. लोकांचा राग समजण्यासारखा आहे, सरकारने स्वस्तात दिलं हा आरोप आकड्यांवर टिकतो. पण 2014 मध्ये ते पैसे मिळाले नसते तर कारखान्यांकडे नोंदवलेल्या चक्क्या तशाच पडून राहिल्या असत्या, हेही तितकंच खरं.

पौलसेन यांच्या काळात खर्चाचं एकच लक्ष्य सगळ्यांसमोर ठेवलं गेलं: 2020 पर्यंत मेगावॅट तासाला 100 युरो. 2016 मध्ये नेदरलँड्सच्या बोर्सेले प्रकल्पाची बोली 72.70 युरोला गेली, त्यात किनाऱ्यापर्यंतच्या केबलचा खर्च धरलेला नाही. हे उतरलं कशामुळे? चक्की मोठी झाली, हे मुख्य कारण. 3.6 मेगावॅटच्या जागी 7 आणि 8 मेगावॅटची चक्की लावली की तेवढ्याच विजेसाठी पाये निम्मे, केबलच्या जोडण्या निम्म्या आणि जहाजाच्या फेऱ्या निम्म्या.

आता जुनी केंद्रं. याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं आणि औष्णिक केंद्रात काम करणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त उपयोगाचं हेच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

डेन्मार्कमधली मोठी केंद्रं विजेबरोबर शहराला गरम पाणी विकतात. नळ्यांतून ते घराघरांत जातं. त्यामुळे केंद्र बंद केलं तर शहर गारठतं. कंपनीने हिवाळ्यातली ही गरज हाताशी धरली. उष्णतेसाठी जाळलेल्या कोळशावर कर होता, लाकडावर नव्हता. ही करसवलत वीज कंपनी आणि शहराची उष्णता कंपनी यांनी आपसात वाटून घेण्याची मुभा कायद्याने मिळाली आणि रूपांतराचा खर्च मोठ्या प्रमाणात उष्णता कंपन्यांशी केलेल्या दीर्घ करारांतून निघाला. आर्हूसजवळच्या स्टुडस्ट्रूपचा संच आणि कोपनहेगनजवळचं आवेडोर केंद्र असं लाकडी गोळ्यांवर (भुसा दाबून केलेल्या पेलेट्सवर) आलं. आधी ग्राहकाची सही, मग बॉयलरला हात, हा क्रम होता.

बॉयलरमध्ये नेमकं काय बदलतं ते पाहू. स्टुडस्ट्रूपचा संच 350 मेगावॅटचा. 40 टक्के कार्यक्षमता धरून पूर्ण भाराचा ढोबळ हिशोब केला तर आयात कोळसा (किलोला सुमारे 6,000 किलोकॅलरी) ताशी 126 टन लागेल. लाकडी गोळ्यांत सुमारे 4,000 किलोकॅलरी, म्हणून ताशी 188 टन. वजन दीडपट झालं. पण गोळ्या हलक्या असतात, घनमीटरला 650 किलोच्या आसपास, कोळसा 800. म्हणजे आकारमान जवळजवळ 1.8 पट: दिवसाला साधारण 3,800 घनमीटरच्या जागी 6,900. पट्टे, हॉपर, बंकर, जहाज उतरवायची जागा, सगळं त्या मापाने अपुरं पडतं. वजनावर आखणी करणारे इथेच फसतात.

दुसरं म्हणजे कोळसा पावसात पडून राहतो, गोळी राहत नाही. पाणी लागलं की ती फुगते आणि तिचा भुसा होतो. म्हणून बंद सायलो लागतात. बंद सायलोत गोळ्या आतून तापतात, आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वासही नसतो. खोलवर तापमापक, नायट्रोजन सोडायची व्यवस्था आणि वायुमापक हातात असल्याशिवाय कोणालाही आत न उतरवणं, या तीन गोष्टींत काटकसर केली तर माणूस जातो. भुकटीचा स्फोट हा तिसरा धोका. कन्व्हेयर बदलण्याच्या टप्प्यावर भुकटी उडते, तिथे शोषण आणि ठिणगी ओळखणारी यंत्रणा बसवावी लागते.

मग मिल. कोळशाला मिल पिठासारखं दळते. लाकडाला ती तसं दळू शकत नाही. गोळी फक्त फुटते आणि ज्या भुशापासून ती दाबून केली तो भुसा परत मिळतो. त्यामुळे कणांचा आकार गोळी बनवणाऱ्याच्या कारखान्यात ठरतो, तुमच्या मिलमध्ये नाही, आणि खरेदीच्या करारात तो लिहून घ्यावा लागतो. कोळशाला चालणारी तापलेली प्राथमिक हवा (भुकटी वाळवून भट्टीत नेणारी) इथे चालत नाही. लाकडातले वायू बरेच आधी सुटतात आणि मिलच पेट घेते. हवेचं तापमान उतरवायचं म्हणजे वाळवण्याची ताकद कमी होते, म्हणून पुन्हा गोळी कोरडीच हवी.

बॉयलरच्या आतला शत्रू वेगळा आहे: पोटॅशियम. लाकडात राख एखादा टक्का असते, पण ती पोटॅशियमने भरलेली. ते नळ्यांवर चिकट थर बसवतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं उत्प्रेरक निकामी करतं. आवेडोरच्या दुसऱ्या संचात यावर काढलेला उपाय मला फार आवडतो: भट्टीत लाकडाबरोबर कोळशाची उडती राख सोडतात. त्या राखेतले ॲल्युमिनियम आणि सिलिकाचे संयुग पोटॅशियमला धरून ठेवतं. कोळसा सोडलेल्या बॉयलरला कोळशाची राख लागते. त्याच केंद्रात गव्हाच्या काडाचा वेगळा बॉयलर आहे, आणि काडात तर क्लोरिनही भरपूर. नळ्या गंजू नयेत म्हणून तिथे वाफेचं तापमान आवरून धरावं लागतं.

लाकूड खरंच हरित आहे का, हा प्रश्न टाळता येणार नाही. कंपनीच्या 2019 च्या 86 टक्के हरित हिश्श्यात हे लाकूडही मोजलेलं आहे. हिशोबाच्या वहीत त्याचं उत्सर्जन शून्य धरतात. लाकूडकापणीचा भुसा आणि फांद्या असतील तर ते बऱ्याच अंशी पटतं, चांगलं खोड कापून गोळ्या केल्या तर झाड परत वाढेपर्यंतची दशकं कोणी मोजायची? मी याला पूल मानतो. पुढची पायरी उष्णतेच्या मोठ्या टाक्या, विजेवरचे बॉयलर आणि हीट पंप ही आहे. वारा जास्त असेल तेव्हा पाणी तापवून टाकीत ठेवायचं.

तेल आणि वायूच्या विहिरी विकण्याचा सौदा 2017 मध्ये झाला. 105 कोटी डॉलरला, शिवाय काही अटींवरची रक्कम वेगळी, तो सगळा विभाग इनिऑस या रसायन कंपनीकडे गेला, आणि त्याच वर्षी कंपनीने 1820 मध्ये विजेचा आणि चुंबकत्वाचा संबंध दाखवणाऱ्या हान्स क्रिस्तियन ऑर्स्टेड यांचं नाव घेतलं. वेळ महत्त्वाची आहे. विहिरींचं उत्पन्न 2012 नंतरच्या कठीण वर्षांत वाऱ्याला पोसत होतं. आधीच विकल्या असत्या तर चक्क्यांना पैसा नव्हता. आणखी थांबले असते तर विहिरी मिटवण्याचा खर्च गळ्यात पडला असता. अर्थात विहीर विकल्याने तिचं उत्सर्जन थांबत नाही, ते दुसऱ्याच्या वहीत जातं. हे मान्य करूनच पुढे बोलावं. कोपनहेगनचं वितरण जाळं 2020 मध्ये विकलं, तो सौदा मला कमी पटतो. वितरणाचं उत्पन्न संथ असतं, पण वाईट वर्षात आधार देतं, आणि वाईट वर्षं येणारच होती.

समुद्रात काय बिघडलं, ते आता. चक्कीचा पाया म्हणजे तळात ठोकलेली पोलादी नळी. हॉर्नसी 1 मध्ये तिचा व्यास 8 मीटरच्या घरात आहे. तिच्याभोवतीची वाळू प्रवाहाने उकरली जाऊ नये म्हणून दगडांचा थर टाकतात. नळीच्या भोकातून केबल बाहेर येते, प्लॅस्टिकच्या जाड आवरणातून दगडांवरून जाते आणि पुढे वाळूत पुरली जाते. भोक आणि वाळू यांमधल्या त्या काही मीटरांवर सगळा खेळ आहे. भरती-ओहोटीला केबल दगडांवर किंचित सरकते. दिवसाला चार वेळा पाणी दिशा बदलतं, वर्षानुवर्षं. आवरण झिजतं, मग केबल. 2021 मध्ये कंपनीने सांगितलं की दहापर्यंत प्रकल्पांत ही अडचण असू शकते आणि दुरुस्तीला सुमारे 300 कोटी क्रोनर लागतील. उपाय साधाच होता: केबल हलू नये म्हणून वरून आणखी दगड टाकणं, आणि जिथे झिजली तिथे बदलणं. एकाच पद्धतीने सगळं बांधण्याची दुसरी बाजू ही. चूक झाली तर ती सगळीकडे एकदम होते.

दुसरी चूक वाऱ्याच्या अंदाजाची. 2019 मध्ये कंपनीला आपले उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले. पुढच्या चक्कीच्या सावलीत मागच्या चक्कीला कमी वारा मिळतो हे माहीत होतं, पण सबंध प्रकल्पच समोरच्या वाऱ्याला भिंतीसारखा अडवून पहिल्या रांगेचाही वारा कमी करतो, हे पुरेसं धरलं नव्हतं. शेजारच्या प्रकल्पाची सावलीही किलोमीटरचे किलोमीटर लांबते. एखादा टक्का कमी वीज म्हणजे 25 वर्षं एखादा टक्का कमी, आणि हप्ता तोच.

तिसरी घटना 9 ऑगस्ट 2019 ची. इंग्लंडमध्ये एका पारेषण वाहिनीवर वीज पडली. नेहमीची गोष्ट, वाहिनीवरचा दोष सेकंदाच्या आत दूर झाला. पण तेव्हा चालू होऊ घातलेल्या हॉर्नसी 1 च्या व्होल्टेज नियंत्रणात दोलन सुरू झालं आणि तो 799 मेगावॅटवरून 62 वर आला. त्याच वेळी एक वायूचं केंद्रही बंद पडलं. वारंवारता 48.8 हर्ट्झपर्यंत उतरली आणि सुमारे 10 लाख ग्राहकांचा पुरवठा तोडावा लागला. दोष नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि लगेच दुरुस्त झाला. धडा असा: लांब केबलच्या टोकाला असलेल्या, कमजोर ग्रिडवर इन्व्हर्टर कसा वागेल ते कारखान्यातल्या चाचणीत दिसत नाही. जोडणीच्या जागेच्या ताकदीवर मॉडेल चालवून बघावं लागतं.

2022 मध्ये जुनं ओझंही परत आलं. रशियाच्या गॅझप्रॉमशी वायूखरेदीचा 2006 चा दीर्घ करार होता. ऑर्स्टेडने रुबलमध्ये पैसे द्यायला नकार दिला आणि 1 जूनला पुरवठा बंद झाला. 2023 मध्ये कोळसा संपवायचा होता, पण सरकारने पुरवठ्याच्या सुरक्षेसाठी कोळसा आणि तेलावरचे तीन संच 30 जून 2024 पर्यंत तयार ठेवायला सांगितले. कंपनीचं शेवटचं कोळशाचं केंद्र, एस्बियर्ग, ऑगस्ट 2024 मध्ये बंद झालं. संच निवृत्त करण्याची तारीख ठरवताना माणसं, सुटे भाग आणि इंधन तारखेच्या पुढे एक-दोन हिवाळे पुरेल असं ठेवावं, हे यातून घ्यायचं.

आणि मग अमेरिका. 2018 मध्ये डीपवॉटर विंड ही तिथली कंपनी विकत घेऊन कंपनी तिथे उतरली. न्यू जर्सीतल्या ओशन विंड प्रकल्पाचा दर महागाईशी जोडलेला नव्हता आणि यंत्रांची खरेदी पूर्ण बांधून घेण्याआधीच तो ठरला. मग व्याज चढलं, जहाज आणि सुटे भाग लांबले. वरचा 6 रुपये 40 पैसे आणि 8 रुपये 58 पैशांचा हिशोब आठवा. नोव्हेंबर 2023 मध्ये तो प्रकल्प सोडून दिला आणि त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत 2,840 कोटी क्रोनर बुडीत खाती टाकावे लागले. लाभांश थांबला, 2030 चं 50 गिगावॅटचं लक्ष्य 35 ते 38 वर आलं. ऑगस्ट 2025 मध्ये 80 टक्के पूर्ण झालेल्या रिव्होल्यूशन विंडचं काम अमेरिकी सरकारने थांबवलं, महिन्याभराने न्यायालयाने ते सुरू करू दिलं. पण खरा फटका त्याआधीच बसला होता: सनराइज विंडचा हिस्सा घ्यायला योग्य किमतीत कोणी मिळेना. निम्मी मालकी विकायची वाट बंद झाली आणि कंपनीला 6,000 कोटी क्रोनरचे हक्कभाग (जुन्या भागधारकांना आधी देऊ केलेले नवे समभाग) काढावे लागले. अनहोल्टपासून जे चाक फिरत होतं ते थांबलं, आणि चक्क्यांत तांत्रिक दोष नसतानाही कंपनी अडचणीत आली.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं? उष्णता विकण्याचा मार्ग नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गरम पाण्याला गिऱ्हाईक कुठलं! वाऱ्याचा हंगामही उलटा आहे. उत्तर समुद्रात वारा हिवाळ्यात जोरात असतो, तेव्हाच तिथली मागणीही वाढते. सह्याद्रीच्या पठारांवर, साताऱ्याच्या वनकुसवड्याला, चक्क्या पावसाळ्यात फिरतात आणि नेमके तेव्हा शेतीपंप बंद असतात. शिवाय तिथल्या बऱ्याच चक्क्या वेगवान घसाऱ्याच्या करसवलतीसाठी वेगवेगळ्या मालकांनी एकेक, दोनदोन करून घेतल्या. मालकी विखुरलेली असली की जुनी चक्की काढून मोठी बसवायला सगळ्यांचं एकमत लागतं, आणि अनुभवही कुणा एकाकडे साठत नाही. डाँगने 500 चक्क्यांचा एकत्र करार केला त्याच्या हे बरोबर विरुद्ध.

लाकडाच्या जागी आपल्याकडे पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार आहे. कोळशाच्या केंद्रांनी 2024-25 पासून 5 टक्के आणि 2025-26 पासून 7 टक्के जैविक गोळ्या मिसळाव्यात, असं बंधन 2023 मध्ये घातलं गेलं होतं. आपल्या कोळशात 35 ते 40 टक्के राख आणि 3,500 ते 4,000 किलोकॅलरी, म्हणजे उष्णतेत गोळी कमी पडत नाही. अडचण गोळा करण्यात आहे: कापणी ते पुढची नांगरट यांच्यामधल्या काही आठवड्यांत माल शेतातून उचलून, वाळवून, आडोशाला न्यायचा. मिलचा प्रकारही बघायचा. बाउल मिलमध्ये (वाटीत रोलरने दळणारी) साध्या गोळ्या थोड्या प्रमाणात चालतात, बॉल-ट्यूब मिलला (फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांनी दळणारी) टॉरिफाइड म्हणजे भाजलेल्या गोळ्याच लागतात.

भांडवलाच्या बाजूने बोलायचं तर पेन्शन फंडाला वितरण कंपनीकडून दर महिन्याला पैसे वेळेवर येतील याची खात्री हवी. थकबाकी आहे तोवर निम्मी मालकी कोणी चांगल्या किमतीला घेणार नाही. म्हणून पहिलं काम चक्क्यांचं नव्हे, देयकांच्या हमीचं आहे.

दुसरं काम कोळशाच्या संचाला कमी भारावर चालवायला शिकवण्याचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी पूर्ण क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरायला सांगितलं आहे. जास्त राखेच्या कोळशावर कमी भाराला ज्योत डगमगते, तेलाचा आधार लागतो, जाड भिंतींच्या हेडरना (वाफ गोळा करणाऱ्या मोठ्या नळ्यांना) रोजच्या तापण्या-निवण्याने चिरा जातात. ज्योतीचे स्कॅनर, मिलमधल्या हवेचं समतोलन आणि हेडरची नियमित तपासणी, यावर आधी खर्च करा.

तिसरं, संच निवृत्त झाला तरी स्विचयार्ड (केंद्राला ग्रिडशी जोडणारं आवार), पाण्याचा हक्क आणि जनरेटर भंगारात काढण्याआधी थांबा. टर्बाइनपासून सुटा केलेला जनरेटर सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून नुसता फिरवत ठेवता येतो. कोळसा न जाळता तो ग्रिडला व्होल्टेजचा आधार आणि फिरत्या वजनाची जडता देतो. मोठी केंद्रं बंद होऊ लागली तेव्हा डेन्मार्कच्या पारेषण संस्थेला, एनर्जिनेटला, असे कंडेन्सर नवे विकत घेऊन बसवावे लागले. आपल्याकडे 210 मेगावॅटच्या जुन्या संचांचे जनरेटर 220 आणि 400 केव्हीच्या जागी आधीच जोडलेले उभे आहेत. विकण्याआधी रोटरची तपासणी करून घ्या आणि राज्य भार प्रेषण केंद्राला त्या जागेवरचा शॉर्ट सर्किटचा आकडा (तिथला ग्रिड किती भक्कम आहे ते सांगणारा) विचारा.